प्राथमिक आरोग्य केंद्राची जागा नकाशावरून ठरवावी का?

नकाशेवाला: आपल्याकडे केंद्र मंजूर होतं लोकसंख्येवर. सपाटीला ३० हजारांमागे एक, डोंगरी-आदिवासी भागात २० हजारांमागे. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यात हा हिशेब फसतो. केंद्राभोवती पाच किलोमीटरचं वर्तुळ मारलं की मधल्या दरीपलीकडची, नदीपलीकडची गावंसुद्धा 'सोयीत' बसतात. त्यापेक्षा रस्ता, चढ, नदी धरून प्रवासाच्या मिनिटांचा नकाशा करा. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, जमिनीच्या उंचीची माहितीही फुकट मिळते. नवं केंद्र त्यावरूनच ठरावं.

कंदील: नकाशावर इमारत दिसते, डॉक्टर दिसतो का? ग्रामीण रुग्णालय चाळीस मिनिटांवर, पण भूलतज्ज्ञाची जागा रिकामी. सिझेरियन म्हटलं की गाडी जिल्ह्याला. तुमचा ठिपका मात्र हिरवाच. उद्या साहेब तोच हिरवा रंग दाखवून म्हणतील, इथे गरज नाही.

नकाशेवाला: मग सेवेगणिक वेगळा नकाशा करू. साधं बाळंतपण, सिझेरियन, सर्पदंश. जिथे सेवा बंद, तिथे ठिपकाच नाही.

पायवाट: सातपुड्यात आरोग्यसेवक होतो म्हणून बोलतो. तुम्ही दोघंही गावाला एक ठिपका धरताय. तिकडे गाव म्हणजे सात-आठ पाडे, टेकड्या-टेकड्यांवर पांगलेले. ठिपका पडतो ग्रामपंचायतीवर. वरच्या पाड्यावरून अडलेल्या बाईला झोळीतून सडकेपर्यंत आणायलाच दोन तास जायचे, १०८ ची रुग्णवाहिका त्यानंतर. सडकेपासून मिनिटं मोजणं म्हणजे निम्मी वाट गिळणं. आणि पावसाळा? तिकडे गडचिरोलीत भामरागडला पर्लकोटा नदी पुलावर चढली की तालुका तुटायचा, हे वर्षानुवर्षं पाहिलंय.

नकाशेवाला: पाड्यांचं खरंय, माझ्या डोक्यात नव्हतं. उन्हाळी आणि पावसाळी असे दोन नकाशे लागतील. पाडे आशाताईंकडून नोंदवून घेता येतील.

कंदील: झालं! आशाताईंच्या माथी आणखी एक अ‍ॅप. मोबदला वेळेवर नाही, नेटवर्क नाही, आणि फोटो मात्र लोकेशनसकट हवा.

पायवाट: अ‍ॅप कशाला? पाडावार घरांची नोंद त्यांच्या वहीत आहेच. कुणीतरी दोन दिवस शेजारी बसून उतरवून घ्या, त्या दिवसांची मजुरी द्या. पण कंदीलभाऊ, 'आधी रिकामी पदं भरा' हे मी नोकरीला लागलो तेव्हापासून ऐकतोय. तेवढ्यावर थांबलो तर वरचा पाडा कागदावर कधी येणारच नाही.

कंदील: वही चालेल. मात्र रिकाम्या पदांचे ठिपके लाल करा, आणि तो नकाशा पहिल्यांदा ग्रामसभेत लावा. मंत्रालयात नंतर.