ॲपमध्ये १८ लाख दिसतात, पण काढायचे तर ‘आधी कर भरा’ म्हणतात

शंकेखोर: काकांनी व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या लिंकवरून ट्रेडिंग ॲप घेतलं. ‘इन्स्टिट्यूशनल अकाउंट’मुळे आयपीओ (कंपनीची पहिली जाहीर शेअर विक्री) हमखास लागतो म्हणे. ४ लाख भरले, ॲपमध्ये १८ लाख दिसतात. काढायला गेलं तर नफ्यावर २० टक्के, म्हणजे २ लाख ८० हजार कर आधी मागतात. सेबीचं, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाचं, सर्टिफिकेट दाखवलंय. खरं समजायचं का?

जुनाब्रोकर: एक रुपयाही भरू नका. रहिवासी भारतीयाचा भांडवली नफ्यावरचा कर ब्रोकर गोळा करत नाही. तो आपणच आयकर खात्याकडे भरायचा. आयपीओचे पैसेही कुणाला पाठवायचे नसतात. अर्जाची रक्कम आपल्याच बँक खात्यात ब्लॉक होते आणि शेअर लागले तरच कापली जाते. ‘इन्स्टिट्यूशनल’ कोट्यातून घरगुती गुंतवणूकदाराला शेअर मिळतात ही तर निव्वळ थाप.

पॅनकार्ड: सर्टिफिकेटवर जाऊ नका, खऱ्या संस्थेचा नोंदणी क्रमांक उचलून छापतात. आधी क्रमांकाची सुरुवात बघा: ब्रोकर आयएनझेड, सल्लागार आयएनए, रिसर्च ॲनालिस्ट आयएनएच. शेवटच्या दोघांना तुमचे पैसे घेऊन ट्रेडिंग करताच येत नाही. मग सेबीच्या साइटवर तो क्रमांक शोधा आणि तिथल्याच ईमेलवर विचारा, ग्रुपमधल्या नंबरवर नाही.
पक्का पुरावा हवा तर काकांच्या पॅनवरचं एनएसडीएल किंवा सीडीएसएलचं (आपले शेअर याच दोन संस्थांकडे नोंदलेले असतात) एकत्रित स्टेटमेंट काढा. त्यात शेअर नसतील तर ॲपमधले १८ लाख हे फक्त स्क्रीनवरचे आकडे. पैसे कुणाच्या नावावर गेले तेही बघा. अमुक ट्रेडर्स, तमुक एंटरप्रायझेस असेल तर भाड्याचं खातं समजा, म्हणजे फसवणुकीचे पैसे फिरवायला घेतलेलं दुसऱ्याचं खातं. ऑक्टोबर २०२५ पासून नोंदणीकृत ब्रोकरांना ‘.brk@valid’ असलेला यूपीआय पत्ता मिळतो (‘व्हॅलिड’पुढे बँकेचं नाव), सोबत हिरव्या त्रिकोणात अंगठा.

शंकेखोर: पण मध्यंतरी १० हजार काढले, ते खरोखर खात्यात आले होते.

जुनाब्रोकर: ते आमिष. बहुतेक वेळा ते दुसऱ्या फसलेल्या माणसाचेच पैसे असतात, त्यामुळे त्याची तक्रार झाली की काकांचंही खातं गोठू शकतं. तक्रारीत ती एंट्री स्वतःहून लिहा.
आत्ताच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा, कारण पैसे खात्याखात्यांतून पुढे सरकत असतात आणि उरलेलेच अडवता येतात. प्रत्येक व्यवहाराची तारीख, रक्कम, यूटीआर क्रमांक (बँकेने व्यवहाराला दिलेला क्रमांक) हाताशी ठेवा. बँकेलाही लेखी कळवा. ग्रुप सोडण्याआधी चॅट एक्स्पोर्ट करा, ॲप काढू नका.

पॅनकार्ड: आणि ‘फी द्या, पैसे परत मिळवून देतो’ म्हणणारे फोन आता येतील. फसलेल्यांची यादी त्याच टोळीकडून त्यांच्याकडे गेलेली असते.