सोमवारी ३ ते ५ फाइल बघायला नवी मुंबईतून किती जण जातात?

नेरुळकर
नवी मुंबईत २०१५ नंतर महापालिकेची निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधे मे २०२० पासून आयुक्त हेच प्रशासक, म्हणजे प्रस्ताव मांडणार तेच, स्थायी समिती म्हणून मंजूर करणार तेच आणि महासभा म्हणून ठराव करणारही तेच. ठाण्यात मार्च २०२२ पासून हाच प्रकार. आता नगरसेवक आलेत म्हणून सगळे निवांत झालेत, चला आता आपला माणूस आहे बघायला.

मला हे पटत नाही. स्थायी समितीपुढे येतं ते एस्टिमेट आणि निविदेचा दर. पैसा मुरतो तो त्याच्या पुढे, मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे एमबीत. काम झालं की ज्युनिअर इंजिनिअर साइटवर मोजतो, एमबीत लिहितो, वरचा तपासतो आणि त्या आकड्यावर बिल निघतं. फुटपाथवर पेव्हर ब्लॉक बसले की खाली खडी किती घातली हे रस्त्यावरून जाणाऱ्याला काय कळणार, ते फक्त एमबीतच सापडतं.

आणि ती एमबी बघायचा हक्क आपल्याला आहे! नोव्हेंबर २०१८ चा राज्य सरकारचा जीआर आहे, जिल्हा पातळीवरची ऑफिसं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना रेकॉर्ड बघू द्यायचं. पुणे महापालिकेत हे त्याच्याही आधीपासून चालू होतं. माझी मागणी एवढीच की बिल निघायच्या आधी एमबीची पानं आणि खोदलेल्या थराचे फोटो वेबसाइटवर टाका.

रिटायर्ड ओव्हरसिअर
साहेब, माझी अख्खी नोकरी साइटवर गेली म्हणून बोलतो. तुम्ही म्हणता ते ऐकायला छान आहे, पण माहिती अधिकाराच्या नावावर काय काय चालतं ते बघितलंय का कधी? अर्ज टाकायचा, कॉन्ट्रॅक्टरला फोन करायचा, मग अर्ज मागे. सगळे तसे नसतात मान्य आहे पण जे आहेत ते पुरेसे आहेत. उद्या एमबी नेटवर टाकली तर दहा सेंटिमीटरच्या जागी साडेनऊ दिसलं की तो ज्युनिअर इंजिनिअर आयुष्यातून उठला. मग सही कोण करणार? मे महिन्यात नालेसफाईचं बिल अडलं की कॉन्ट्रॅक्टर माणसं काढून घेतो आणि जूनला पाणी तुमच्याच सोसायटीत शिरतं. तपासायला मुख्य लेखापरीक्षक आहे, अँटी करप्शनचा १०६४ आहे, लोकायुक्त तर आपल्याकडे १९७१ च्या कायद्यापासून आहे. अजून किती जणांनी एका पोराच्या डोक्यावर बसायचं?

नेरुळकर
काका, पोरांचा मुद्दा मनापासून मान्य. पण खंडणीवाल्याचा धंदा चालतो कशावर? कागद एकट्या त्याच्याच हातात असतो म्हणून. तोच कागद सगळ्या गावाला दिसला तर तो विकणार काय? आणि लेखापरीक्षकाचा आक्षेप येतो बिल दिल्यावर, कधीकधी वर्षांनी, तोवर इंजिनिअरची बदली आणि कॉन्ट्रॅक्टरचा दोष दायित्वाचा काळ, म्हणजे बिघडलं तर त्यानेच दुरुस्त करून द्यायची मुदत, संपलेला.

घणसोलीची ताई
मी दोघांच्याही विरोधात. सोमवारी दुपारी ३ ला रिकामं कोण असतं ओ? मी त्या वेळी ऑफिसात, माझा नवरा कंपनीत, आमच्या गावठाणातल्या बायकांना एमबी काय ते माहीत पण नाही. जाणार कोण, तर पाम बीचच्या बाजूचे रिटायर्ड लोक. मग तपासले जाणार त्यांचेच फुटपाथ आणि आमच्याकडच्या गटाराची फाइल कुणी उघडणार नाही. नगरसेवक निदान आमच्या दारात येतो, त्याला धरून विचारता येतं. कायद्यात क्षेत्रसभा २००९ पासून आहे, मतदारांनी एकत्र बसून वॉर्डातल्या कामांबद्दल बोलायचं, ती घ्या की रविवारी. खर्चाचा हिशोब तिथे मोठ्याने वाचून दाखवा. वेबसाइट वेबसाइट करून आमच्यासारख्यांना बाहेर ठेवू नका.

कोपरखैरणे बॉय
ताई १००% बरोबर. आणि माहिती अधिकारात अर्ज टाकून काही होत नाही हो, अपील माहिती आयोगात पडून राहतं.

वाशीचा वकील
पडून राहतं हे खरं, तरी पायऱ्या माहीत असू द्या. उत्तर ३० दिवसांत, नाही आलं तर पहिलं अपील, मग ९० दिवसांच्या आत दुसरं अपील आयोगात. विनाकारण अडवलं तर दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० दंड आणि तो अधिकाऱ्याच्या खिशातून.

मला खरी काळजी दुसरीच आहे. अधिकाऱ्याची मालमत्ता, त्याला दिलेले मेमो ही वैयक्तिक माहिती असं सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये गिरीश देशपांडे निकालात म्हटलं, तरी व्यापक जनहित दाखवलं तर द्यायची वाट माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(जे) मध्येच होती. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने त्या कलमातला जनहिताचा भागच काढला, आता 'वैयक्तिक माहिती' एवढं म्हटलं की झालं. अधिकाऱ्याच्या वर्तणुकीबद्दल विचारणं त्यामुळे फार अवघड झालंय. कलम ८(२) मधली जनहिताची तरतूद अजून शिल्लक आहे, नकार आला तर अपिलात तिचा उल्लेख करा.

रिटायर्ड ओव्हरसिअर
ताईंचं क्षेत्रसभेचं मला पटलं, समोरासमोर विचारलेलं इंजिनिअरला पण सांगता येतं की बाबा खाली पाण्याची लाइन निघाली म्हणून थर कमी झाला. वेबसाइटवर हे कोण ऐकून घेणार? एमबी टाकायचीच असेल तर तपासणाऱ्या वरच्या साहेबांच्या सहीचं पान पण टाका. फोन करून 'बिल आजच काढ' सांगणारा कायम कागदाबाहेर राहतो, मी हे बघितलंय. त्याशिवाय माझा विरोध कायम.

नेरुळकर
वरच्या सहीचं पान हवंच, मागणीत घालतो. ताई, क्षेत्रसभा व्हायलाच हवी, पण तिथे वाचायला आधी कुणीतरी फाइल काढून आणायला लागेल ना, तोवर सोमवार सोडू नका.

घणसोलीची ताई
बरं, मी एक दिवस रजा टाकते. तिकडे जाऊन मागायचं काय नेमकं?

नेरुळकर
कामाचं नाव आणि कार्यादेश (वर्क ऑर्डर) क्रमांक आधी घ्या, साइटवर बोर्ड असेल तर त्याचा फोटो काढा. मग चार गोष्टी: एस्टिमेट, कार्यादेश, एमबी, शेवटचं बिल. जीआर माहीत नाही म्हणाले तर तिथेच माहिती अधिकाराचा अर्ज द्या, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, विषय एकच आणि १५० शब्दांच्या आत. त्यात 'अभिलेखाची पाहणी' मागा, पहिल्या तासाला फी नाही. कायद्यात कामाची पाहणी करायचा आणि मालाचा प्रमाणित नमुना घ्यायचाही हक्क आहे, तो हल्ली कुणी वापरतच नाही. गटाराचं काम चालू असेल तर तोच आधी मागा.

घणसोलीची ताई
चालू आहे. झाकणं अजून बसली नाहीत.

नेरुळकर
मग येत्याच सोमवारी जा, मी पण येतो.