ऊस पाण्यात, पण रडारच्या चित्रात कोरडा: कारण

ऑक्टोबर २०२० च्या पुरात बुडालेला पंढरपूरकडचा ऊस रडारच्या नकाशात कोरडा का दिसतो, हा प्रश्न आहे. हा पूर आणणारी कमी दाबाची प्रणाली १३ तारखेला काकिनाड्याजवळ किनारा ओलांडून सोलापूरकडे सरकली. अशा वेळी साध्या प्रकाशात चित्र टिपणाऱ्या सेंटिनेल-२ उपग्रहाला ढगांचे माथेच दिसतात. सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाची सुमारे ५.६ सेंमी लांबीची लहर ढगांतून पार होते. संथ पाणी तिला आरशासारखं पलीकडे फेकतं, उपग्रहाकडे फारसं काही परतत नाही, म्हणून ते काळं दिसतं.

उसात गणित उलटतं. लहर पाण्यावर आपटून कांड्यांवरून परत येते आणि फड आधीपेक्षा उजळतो. पाला दाट असेल तर ती पाण्यापर्यंत पोचतच नाही. म्हणजे ‘काळं ते पाणी’ ही एकच मर्यादा लावली की ऊस सुटणारच.

त्यामुळे पुराआधीचं चित्र उपग्रहाच्या त्याच कक्षेचं, त्याच दिशेचं घ्या. बघण्याचा कोन बदलला तर फरक खोटा येतो. दोन्हींचं कॅलिब्रेशन (आकडे एका मापात आणणं), स्पेकल फिल्टर (रडार चित्रातले दाणेदार ठिपके कमी करणं), भूरूप दुरुस्ती (चढ-उतारांमुळे आलेली विकृती काढणं) करून डेसिबलमधला, म्हणजे परतलेल्या लहरीच्या ताकदीतला, फरक काढा. काळवंडलेलं आणि उजळलेलं, दोन्ही तपासा. मात्र नुसती ओली काळी मातीही उजळते, तेव्हा उजळलेला भाग नदीकाठच्या सखल पट्ट्यापुरताच धरा. उजनीच्या जलाशयावर वारा असेल तर लाटांमुळे पाणीही उजळ दिसतं, तिथे फसू नका.