डिप्रेशनची गोळी सोडताना होणारा त्रास आधी का सांगत नाहीत?

घोडबंदरकर: एसिटालोप्राम १० मिलीग्रॅम, दोन वर्षं घेतली. बरं वाटत होतं, म्हणून डॉक्टर म्हणाले, आठवडाभर अर्धी घ्या, मग बंद. बंद केल्याच्या चौथ्या दिवशी ठाणे स्टेशनच्या पुलावर मान वळवली आणि डोक्यात वीज सळसळल्यासारखा झटका बसला. कठडा धरून उभी राहिले. मग रोज तेच. झटके, चक्कर, भलभलती स्वप्नं, उगाच रडू. डॉक्टरांचं उत्तर, ‘मूळ आजार उलटलाय.’ आजारपणात मला असे झटके एकदाही आले नव्हते! पुन्हा ५ मिलीग्रॅम सुरू केली, तर दोन दिवसांत थांबले. आजार उलटला असता तर इतक्या लवकर उतार पडला असता का?

वाशीकर: ताई, तुमचा त्रास खराच. पण असं वाचून लोक गोळीच नको म्हणतात. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट सायकायट्री’ या वैद्यकीय नियतकालिकात अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तर गोळी सोडल्यावर सुमारे ३१ टक्के लोकांना त्रास झाला, औषध नसलेली नकली गोळी सोडणाऱ्यांनाही १७ टक्के. म्हणजे औषधामुळे झालेला त्रास सहा-सात जणांत एकाला.

घोडबंदरकर: दादा, लोकलमध्ये समोरासमोरच्या दोन बाकांवर आठ जण बसतात. त्यातला एक मी आहे. हा आकडा मला लहान वाटत नाही.

ऐरोली मेडिकल: दुकानात रोज बघतो. पॅरोक्सेटिन, वेनलाफॅक्सिन ही डिप्रेशनचीच औषधं शरीरातून लवकर उतरतात, म्हणून त्यांचा त्रास जास्त. फ्लुओक्सेटिन हे तसलंच औषध, पण कित्येक आठवडे रेंगाळतं. आणि १० ची ५ केली म्हणून मेंदूवरचा परिणाम निम्मा होत नाही, थोडाच घटतो. खरी उडी ५ वरून शून्यावर. शेवटच्या पायऱ्या सगळ्यात बारीक हव्यात. पण ५ ची गोळी सुरीने चौथाई करायला गेलं की निम्मा भुगा कागदावरच राहतो. लोकांनी करायचं काय?

घोडबंदरकर: हेच पहिल्या दिवशी सांगायला हवं. वाशीकरदादा, न सांगितल्यामुळेच लोक मनाने गोळ्या बंद करतात.

वाशीकर: माझ्या भावाला नंतर सांगितलं होतं, दोनदा बजावलं होतं. तरी त्याने सोडल्या आणि तीन महिन्यांत पुन्हा अंथरूण धरलं. पहिल्या दिवशी तो भिंतीकडे तोंड करून पडला होता, ताई. त्या दिवशी त्याला सोडण्याच्या त्रासाचं सांगितलं असतं, तर त्याने पहिली गोळीही तोंडात घातली नसती. आधी माणूस उठून जेवायला बसू दे, मग सांगा.