रुळांपेक्षा खडीकडे बघा

मॉडेल रेल्वेच्या एचओ (म्हणजे खऱ्याच्या १/८७ मापाच्या) रुळांवर आपली ब्रॉडगेज अरुंद दिसते, ही तक्रार रास्तच आहे. ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधल्या १६७६ मिमी अंतराला ८७ ने भागलं की १९.३ मिमी येतात. बाजारातले रूळ मात्र १६.५ मिमीचे, म्हणजे ब्रॉडगेजहून अरुंद अशा स्टँडर्ड गेजचे. पण तेवढ्यासाठी सगळे रूळ हाताने घालू नका (हौसेला मोल नसतं, ते सोडा). डब्याखाली वाकून कोण बघतंय?

नजर जाते ती खडीवर. खरी खडी ५० मिमीच्या आसपास, म्हणजे मॉडेलात जेमतेम अर्धा मिमी. बहुतेकांची फारच जाड असते. बोरघाट करताय तर काळसर बेसाल्टचा चुरा चाळून घ्या. त्यावर आधी साबणाच्या पाण्याचा फवारा, मग पातळ केलेला फेव्हिकॉल ड्रॉपरने. गाडी रूळ बदलते त्या सांध्याच्या हलत्या पात्यांपाशी मात्र थेंबही नको.