काचही थोडा प्रकाश परतवते
‘आरशात प्रतिबिंब काचेमागच्या धातूच्या मुलाम्यामुळे पडतं, काचेचा काही संबंध नाही’ हे म्हणणं बरंचसं पटतं, पण पूर्ण नाही. काचेचा पुढचा पृष्ठभागही समोरून आलेल्या प्रकाशातला साधारण ४ टक्के परतवतोच. अंधारात आरशाजवळ मेणबत्ती धरून तिरकं बघा: आधी एक फिकट ज्योत, तिच्यामागे झगझगीत, मग विझत जाणाऱ्या एकदोन.

गाडीतल्या मधल्या आरशाखाली खटका असतो ना, तो याच ४ टक्क्यांवर चालतो. तिथली काच पाचरीसारखी असते, म्हणजे पुढची आणि मागची बाजू समांतर नाही. खटका ओढला की मुलाम्यावरचा झोत छताकडे जातो आणि डोळ्यांपर्यंत फक्त काचेचं मंद प्रतिबिंब पोचतं. घाटात मागचा ट्रकवाला अप्पर (हेडलाइटचा डोळे दिपवणारा वरचा झोत) लावून चिकटला की याची किंमत कळते. कित्येकांना हा खटका कशासाठी आहे तेच ठाऊक नसतं!