ऑर्किस, आमरी की सालम?

प्रश्न : मी दक्षिण जर्मनीत श्वेबिश आल्बच्या चुनखडीच्या टेकड्यांजवळ राहते. मे महिन्यात इथल्या मेंढ्यांच्या कुरणांत रानटी ऑर्किड फुलतात. झाडावर नाही, थेट गवतात. त्यांना इथे 'क्नाबेनक्राउट' म्हणतात. आईला सांगितलं तर म्हणाली, "ऑर्किड म्हणजे बांडगूळच ना?" मराठीत नेमकं काय म्हणावं?

- ताई, बांडगूळ नक्कीच नाही. बांडगूळ ज्या झाडावर वाढतं त्याचाच रस शोषतं. झाडावरचं ऑर्किड फांदीचा फक्त आधार घेतं, आणि तुमचं तर मातीतच आहे. 'आमरी' हा आपला चांगला, रुळलेला शब्द आहे, तोच वापरा. 'क्नाबे' म्हणजे मुलगा. असं नाव का, ते जमिनीखाली दिसतं. बुडाशी दोन कंद असतात : एक सुरकुतलेला, मऊ पडलेला, ज्याच्या बळावर यंदाचं फूल आलं तो, शेजारी दुसरा टणक, पुढच्या वर्षासाठीचा. ग्रीकमध्ये 'ऑर्किस' म्हणजे वृषण. थिओफ्रास्टस या प्राचीन ग्रीक वनस्पतिअभ्यासकाच्या लेखनात हे नाव आहे, आणि सगळ्या कुळाला तेच चिकटलं. पण बघायला म्हणून उकरू नका हं.

- हीच कल्पना आपल्या काष्ठौषधींच्या दुकानातही आहे! सालममिश्री म्हणजे अशाच आमरीचे वाळवलेले कंद. त्यातला 'सालम' अरबी 'सहलब'वरून आला, आणि त्याच्या मुळाशी 'कोल्ह्याचे वृषण' असा अर्थ आहे. तुर्कस्तानात या कंदांच्या भुकटीचं गरम पेय हिवाळ्यात पितात, त्याला 'सालेप' म्हणतात. हिमालयातला सालमपंजा मात्र हाताच्या पंजासारखा असतो.

- मग पंजाचा कंद असलेलं ते ऑर्किसच का?

- पूर्वी ऑर्किस याच प्रजातीत धरत. आता ती वेगळी प्रजाती, डॅक्टिलोरायझा : ग्रीकमध्ये 'डॅक्टिलोस' बोट, 'रायझा' मूळ. आपल्या 'पंजा'त नेमकं तेच पाहिलेलं आहे, याचा मला फार आनंद होतो. ऑर्किसची वाटणी पुढेही चालू राहिली. 1997 साली डीएनएच्या आधारे ऑर्किस मोरिओ अ‍ॅनाकॅम्प्टिसमध्ये गेलं, ऑर्किस उस्टुलाटा निओटिनियात. म्हणून शास्त्रीय नाव लिहिताना जुन्या पुस्तकावर विसंबू नका. 'आमरी' मात्र सगळ्या कुळाला चालतं. कासच्या पठारावरची, टूथब्रशसारख्या तुऱ्याची हबेनेरियाही जमिनीतलीच आमरी, आणि ऑर्किसच्या जवळच्या नात्यातली.

प्रश्नकर्ती : खूप आभार. माझ्या फोटोतलं ऑर्किस मिलिटारिस आहे. वरच्या पाकळ्या जुळून राखी-गुलाबी टोप होतो, आतून जांभळ्या शिरा; खाली लोंबणारी पाकळी हातपाय पसरलेल्या माणसासारखी. मेंढ्या चरायच्या थांबल्या की इथे झुडपं माजतात आणि ही फुलं जातात, म्हणून कुरणं मुद्दाम चारून घेतात. आईला आता 'टोपवाली आमरी' असं लिहून पाठवते.